तालुक्याच्या कॉलेजातून संशोधन: पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या अहवालापर्यंत

आमच्याकडे ‘संशोधन’ म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक तर नागपूर-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळा, नाहीतर बढतीसाठी सरांनी केलेली पीएच.डी. पासवर एसटीनं रोज अपडाउन करणारी बी.ए. दुसऱ्या वर्षाची पोरगी या हिशोबात कुठंच बसत नाही. हा लेख तिच्यासाठी आहे, तिच्या बी.कॉम.च्या मैत्रिणीसाठी आहे आणि बी.एस्सी. होऊन ‘आता पुढं काय’ म्हणत घरी बसलेल्या तिच्या भावासाठीही आहे.

गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्याकडे आले. वऱ्हाडातले पाच जिल्हे अमरावती विद्यापीठाकडे आहेत. पाटी कोणत्याही विद्यापीठाची असो, तालुक्याच्या कॉलेजचं चित्र साधारण सारखंच. ग्रंथालयात गाइडं आणि पाठ्यपुस्तकं, लॅबमध्ये वर्षानुवर्षांचे ठरलेले प्रयोग, अर्धी पदं तासिका तत्त्वावर. हे सगळं खरं धरूनच पुढचं वाचा. माझं म्हणणं एवढंच आहे की सायकलनं गाठता येईल असा प्रश्न निवडा. यंत्र लागलंच तर ते शेवटी, चार नमुन्यांपुरतं, बाहेरून मिळवता येतं.

याला आधार आमच्याच जिल्ह्यातला आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांच्या आजारांची पाहणी केली, ती १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढं घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आले. ते शिकलेले डॉक्टर, तुम्ही विद्यार्थी, त्यामुळे बरोबरी करायचं कारण नाही. पण पद्धत बघण्यासारखी आहे. ठरावीक गावं, स्पष्ट प्रश्न, घरोघरी नोंद आणि तुलनेला दुसरी गावं.

प्रश्न कसा काढायचा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. विद्यार्थी येतात आणि म्हणतात, “सर, विषय द्या.” मग सर देतात: ‘विदर्भातील पाण्याची समस्या: एक अभ्यास’. हा विषय नाही, हे दहावीच्या निबंधाचं शीर्षक आहे. त्याला तीन गोष्टी विचारा: नेमकं कुठं, कोणाचं आणि किती काळात?

मामा तलावाचं उदाहरण घेऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव हजारोंनी आहेत. मालगुजार म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारे गावचे जमीनदार. गोंड राजांच्या आणि पुढं मालगुजारांच्या काळात ते बांधले गेले आणि कोहळी समाजाचं त्यातलं कसब सगळ्या झाडीपट्टीला, म्हणजे या पूर्व विदर्भाला माहीत आहे. मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्यानं, तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो. तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढणारा धनी उरला नाही. आता ‘पाण्याची समस्या’ बाजूला ठेवा आणि असं लिहा: ‘आमच्या गावच्या मामा तलावाखाली २० वर्षांपूर्वी किती शेतकरी ओलीत करत होते, आज किती करतात आणि सोडलेल्यांनी काय कारण दिलं?’ हा प्रश्न पायी फिरून सुटतो. त्याचं उत्तर सरांना माहीत नाही, गुगललाही नाही.

या एकाच तलावावर किती विषयांची पोरं काम करू शकतात ते बघा. इतिहासवाल्यानं जुनं निस्तारपत्रक (पाणी, चराई, सरपण यांवरच्या गावहक्कांची सरकारी नोंद) काढावं, कोणाचे काय हक्क लिहिले होते ते वाचावं. भूगोलवाल्यानं क्यूजीआयएस या फुकटच्या सॉफ्टवेअरवर जुन्या आणि नव्या उपग्रह चित्रांवरून पाण्याचा पसारा मोजावा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीनं काठावर बेशरम ही रानटी वनस्पती किती पसरली आणि तिच्याखाली कोणती पाणवनस्पती मेली ते नोंदवावं. प्राणिशास्त्राला मासे आहेत, पक्षी आहेत आणि गोंदिया-भंडाऱ्याकडं असाल तर धानाच्या बांधीत सारसही आहे. बी.कॉम.वाल्यानं ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेचा हिशोब समजून घ्यावा. ठेका कितीचा, बीज कितीचं, मरळीला भाव काय आणि रोहूला काय. मराठीच्या विद्यार्थ्यानं जाळ्यांची, माशांची, तलावाच्या भागांची झाडीबोलीतली नावं म्हाताऱ्यांकडून उतरवून घ्यावी, कारण ती नावं सांगणारी पिढी सत्तरी ओलांडून गेली आहे. मोठ्या विद्यापीठात हे सहा विभाग सहा इमारतींत असतात. आपल्याकडे सहाही सर एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात. छोट्या कॉलेजचा एवढा मोठा फायदा कोणी वापरतच नाही.

पश्चिम विदर्भात असाल तर तुमचे प्रश्न वेगळे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, मग कोणत्या गावात पिण्याचं पाणी कुठून येतं आणि त्यावर घराचा किती वेळ जातो? लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा देशभरचे पत्रकार आले, त्याच वर्षी त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळाला. पण सरोवराभोवतीच्या गावांतल्या लोकांचं रोजचं काय बदललं हा प्रश्न तिथल्या कॉलेजचाच आहे. मेळघाटात कोरकू, यवतमाळकडे कोलामी, दक्षिण गडचिरोलीत माडिया. भाषेच्या विद्यार्थ्याला आणखी कुठं जायची गरज नाही. देसाईगंज-वडसाच्या झाडीपट्टी नाटक मंडळ्यांचा तर पुरा हंगामच अभ्यासाचा आहे. तिथं वाणिज्यवाल्यालाही काम आहे आणि समाजशास्त्रवाल्यालाही. रात्रभराच्या एका प्रयोगावर किती माणसांची चूल पेटते हे एकदा मांडून बघा.

प्रश्न ठरला की तो तीन प्रकारे तपासा. तिथं मला स्वतःला पोहोचता येतं का? एका सत्रात, फार तर वर्षभरात होतं का? आणि उत्तर मला आधीच ठाऊक तर नाही ना? तिसऱ्यात बहुतेक जण नापास होतात. ‘शेतकऱ्यांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे’ हे सिद्ध करायला प्रश्नावली कशाला हवी? उत्तर उलटंही निघू शकेल असा प्रश्न घ्या.

सरांकडे कसं जायचं

रिकाम्या हातानं जाऊ नका. अर्धं पान लिहून न्या: प्रश्न काय, कुठं जाणार, कोणाला विचारणार, काय मोजणार. बोलायला जीभ अडखळत असेल तर आधी एवढाच निरोप पाठवा:

“नमस्कार सर. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या तलावातल्या पाणवनस्पतींची नोंद करायची इच्छा आहे. अर्धं पान टिपण तयार आहे. या आठवड्यात तुमचा तास नसेल तेव्हा दहा मिनिटं भेटू का?”

असा निरोप आला की बहुतेक शिक्षक भेटतात, कारण त्यांना असे निरोप येतच नाहीत. आपल्या विषयाचे सर थंड असतील तर दुसऱ्या विभागात विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक कित्येकदा नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेले, नुकतेच संशोधन केलेले असतात आणि त्यांना तुमच्यासारखाच उत्साह असतो. मात्र ते पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात असतील याची खात्री नसते. म्हणून कागदावर एका कायम शिक्षकाचंही नाव घ्या.

अभ्यासक्रमातच बसवा

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला फील्ड प्रोजेक्ट, समुदाय सहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग हे सगळं क्रेडिटसह आलं आहे. बहुतेक ठिकाणी त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे: मागच्या वर्षीच्या पोराची फाइल, नवीन कव्हर. तीच जागा आपल्या प्रश्नासाठी वापरा. काम एकच, क्रेडिटही मिळतात आणि वेगळा वेळ काढावा लागत नाही.

चौथ्या वर्षाचं ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घ्यायचं असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मागितले आहेत. आपल्या कॉलेजला त्याची मान्यता आहे का हे दुसऱ्या वर्षातच ऑफिसात विचारून ठेवा. नसेल तर कोणत्या कॉलेजात आहे तेही तेव्हाच कळेल. कृषीच्या विद्यार्थ्यांना ‘रावे’त (ग्रामीण कृषी कार्यानुभवात) आयता पुरा हंगाम गावात राहायला मिळतो, याहून चांगली संधी दुसऱ्या कोणत्याच शाखेत नाही. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिरही कामी येतं, पण ओळख करून घ्यायला. पन्नास पोरांनी एका दुपारी भरलेल्या प्रश्नावल्या मी तरी कधी विश्वासानं वाचल्या नाहीत.

आधी कोणी काय केलंय

शोधगंगावर देशभरातले पीएच.डी. प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून सुरुवात करा. अनुदानित कॉलेजांना एन-लिस्टची, म्हणजे नियतकालिकं आणि पुस्तकं ऑनलाइन वाचायची सोय असते, लॉगिन ग्रंथपालांकडे मागा. शासकीय संस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी योजना सुरू झाली आहे. आपली संस्था त्यात येते का हेही ग्रंथपालच सांगतील. जुन्या मध्य प्रांताचे जिल्हा गॅझेटिअर नेटवर मिळतात. शंभर वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात काय पिकत होतं ते वाचून प्रश्नच बदलल्याची उदाहरणं आहेत.

आकडे मात्र बरेचसे इथंच मिळतात. २०११ च्या जनगणनेची गावनिहाय माहिती, महसूल मंडळांचा पाऊस, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी, बाजार समितीची आवक आणि भाव, तलाठ्याकडचा पीकपेरा. आधी तोंडी मागा, मग कॉलेजच्या पत्रावर मागा. नाहीच दिलं तर माहिती अधिकार आहे: १० रुपये, ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, तेवढं सांभाळा. आणि ज्या तलाठ्याकडे वर्षभर जायचं आहे त्याच्यावर पहिल्याच दिवशी माहिती अधिकार टाकू नका.

परवानगी

हा भाग टाळून पुढं गेलेल्यांची कामं अर्ध्यात अडकतात.

प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्र खिशात हवंच. गावात आधी सरपंच आणि पोलीस पाटील. दक्षिण गडचिरोलीत अनोळखी पोरगं नकाशा नि जीपीएस घेऊन फिरताना दिसलं तर गावकरीही बिचकतात आणि पोलिसही. म्हणून तिथं ठाण्यातही पत्राची प्रत आधी देऊन ठेवा. पेसा क्षेत्रात (जिथं आदिवासी ग्रामसभांना कायद्यानं जास्त अधिकार आहेत) आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेपुढं विषय मांडा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं अभ्यासगटाची परंपरा आहे. अशा गावात तुम्ही अभ्यासक म्हणून गेलात की गावच तुम्हाला उलटे प्रश्न विचारतं: हे कशासाठी, आम्हाला काय मिळणार, लिहिलेलं आम्हाला दाखवणार का? हे तीन प्रश्न कोणत्याही नैतिकता समितीच्या फॉर्मपेक्षा सरस आहेत. त्यांची उत्तरं घरूनच लिहून न्या.

जंगलाचं वेगळं. ताडोबा किंवा कुठल्याही अभयारण्यात अभ्यास करायचा तर परवानगी नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांच्या कार्यालयातून, वन्यजीव विभागाकडून येते आणि तिला महिने लागतात. पदवीच्या विद्यार्थ्यानं त्यात पडू नये असं मला वाटतं. गावशिवारात, तलावावर, रस्त्याच्या कडेला बघण्यासारखं खूप आहे. हाड, शिंग, अंडं असलं काही उचलून लॅबमध्ये आणू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा विद्यार्थी आहे म्हणून सोडत नाही. वाघाचा वावर असलेल्या भागात पहाटे नि सांजेला एकट्यानं फिरायचं नाही. मोहफूल वेचणाऱ्या बायांसोबत जायचं असेल तरी घोळक्यातच.

आरोग्याचा विषय असेल, विशेषतः सिकलसेल, तर नावं कधीही लिहू नका, घराला नुसता क्रमांक द्या. वाहक पोरीचं नाव गावात फुटलं तर तिचं लग्न मोडतं आणि ते तुमच्या वहीमुळं झालेलं असतं. अशा कामाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. कॉलेजात समिती नसेल तर विषय बदला किंवा जिथं समिती आहे अशा संस्थेसोबत करा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घ्या. वैदूनं विश्वासानं सांगितलेलं औषध त्याला न विचारता छापायचं नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, गावात जैवविविधता समिती असते, तिला कळवा.

हंगाम बघून वेळापत्रक

विद्यापीठाचं कॅलेंडर आणि गावाचं कॅलेंडर वेगळं चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, तेव्हा बांधीत उभ्या बाईला प्रश्नावली घेऊन भेटणं म्हणजे तिची मजुरी बुडवणं. दिवाळीच्या मागं-पुढं कापसाची वेचणी आणि धानाची कापणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, त्या काळात पहाटेपासून गाव रिकामं. उन्हाळ्यात चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारची पाहणी विसरा.

मग उरतं काय? रोवणी आटोपल्यावरचे दिवस आणि जानेवारी-फेब्रुवारी. पाण्याचं, विहिरींचं काम असेल तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशा दोन्ही नोंदी हव्यात, म्हणजे मे महिना चुकला की पुरं वर्ष गेलं. नाटकावर काम करणाऱ्याला दिवाळीनंतर सुट्टी नाही. निवडणूक लागली असेल तर घरोघरी फिरणं सरळ पुढं ढकला, वही घेऊन आलेला प्रत्येक माणूस कोणाचा तरी वाटतो.

वही घेऊन गावात

पहिल्या दिवशी अंगणात खाट टाकली जाते, पाणी येतं आणि प्रश्न येतो: “घरकुलाचा सर्वे हाय का जी?” इथं गडबड होते. ‘हो’ म्हटलं नाही तरी ‘नाही’ नीट सांगितलं नाही, की समोरचा माणूस जमीन कमी सांगतो, गुरं कमी सांगतो, पोरं जास्त सांगतो. म्हणून बसायच्या आधीच सांगा: “काकाजी, मी फलाण्या कॉलेजची. हे माझ्या अभ्यासासाठी आहे, यातून योजना मिळणार नाही, नावही कुठं जाणार नाही. सांगायचं नसेल तर सांगू नका.” चार घरांत हे बोललं की पाचव्या घरात ते तुमच्या आधी पोहोचलेलं असतं.

‘तुमचं वार्षिक उत्पन्न किती?’ असं कधी विचारू नका. शेतकऱ्याला ते ठाऊक नसतं आणि ठाऊक असलं तरी तो सांगणार नाही. विचारा: मागच्या खरिपात किती पोते धान झालं? घरी किती ठेवलं? विकलं ते केंद्रावर की व्यापाऱ्याला? पैसे कधी आले? उत्पन्न तुम्ही घरी येऊन काढा. मापाचंही तसंच. म्हातारी माणसं अजून खंडी नि पायलीत सांगतात आणि पायली सगळीकडे एकाच वजनाची असेलच असं नाही. त्या घरचीच पायली मागा, भरा, वजनकाट्यावर ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर वजन लिहा. हे केलं नाही तर पुढचे सगळे आकडे अंदाज ठरतात.

प्रश्न वीस-पंचवीसच्या वर नेऊ नका. आधी आपल्याच मोहल्ल्यात चार घरी विचारून बघा, निम्मे प्रश्न बदलावे लागतील. मोबाइलवर भरायचं असेल तर कोबो टूलबॉक्स हे फुकटचं ॲप चांगलं. नेटवर्क नसलं तरी फॉर्म भरला जातो आणि तालुक्याला आल्यावर चढवता येतो. एटापल्ली-भामरागडकडं याला पर्याय नाही. तरी कागदाची वही सोबत असू द्या. प्रश्नाच्या बाहेरचं जे माणूस बोलतो ते तिच्यातच उतरतं आणि अहवालातला चांगला भाग बहुधा तिथूनच येतो.

किती घरं घ्यायची? गाव लहान असेल तर सगळी. मोठं असेल तर यादी करून ठरावीक अंतरानं, म्हणजे दर पाचवं किंवा दर दहावं घर. ओळखीच्या तीस घरांत जाऊन ‘तीसचा नमुना’ लिहू नका. गावाच्या एका टोकाच्या वस्तीत, टोलीवर, पाड्यावर गेलात का हे परीक्षकानं नाही विचारलं तरी स्वतःला विचारा.

रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या नोंदी एक्सेलमध्ये चढवा: एका आडव्या ओळीत एक घर, एका उभ्या रकान्यात एक प्रश्न. ‘३ एकर, पण १ भावाचा’ असं एकाच चौकटीत लिहिलं की बेरीज होत नाही, त्याचे दोन रकाने करा. फाइलची एक प्रत सरांच्या मेलवर पाठवत जा. मोबाइल पाण्यात पडतोच.

नमुने आणि यंत्रं

पाण्याचा पीएच, क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन एवढं बी.एस्सी.च्या साध्या लॅबमध्ये होतं. मातीसाठी जिल्ह्याची मृद तपासणी प्रयोगशाळा आहे. त्यापुढचं काही हवं असेल तर नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं कॉलेज आहे. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, वर्ध्याला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था. देशभरातली कोणती उपकरणं बाहेरच्यांसाठी खुली आहेत ते आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर दिसतं. पत्र विभागप्रमुखांमार्फतच पाठवा. आधी आपल्या लॅबमध्ये सगळे नमुने तपासून त्यातले वेगळे वाटलेले चारच तिकडे न्या. चाळीस नमुन्यांचं शुल्क तुमच्या खिशाला झेपणार नाही आणि गरजही नसते.

मांडणी: आविष्कार आणि छापण्याचा मोह

‘आविष्कार’ ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा २००६ पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं चालते. कॉलेज, जिल्हा, विद्यापीठ आणि मग राज्य अशी चढण. मानव्यविद्या व भाषा, वाणिज्य-विधी, शुद्ध विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक व औषधनिर्माण असे गट असतात. पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढचे वेगळे धरतात. कॉलेजपातळीची सूचना दिवाळीच्या आसपास कधीतरी फळ्यावर लागते आणि चार दिवसांची मुदत असते. विषय हातात नसेल तर त्या चार दिवसांत थर्माकोलची पवनचक्कीच निघते. म्हणूनच प्रश्न जूनमध्ये हवा.

पोस्टरवर मजकूर कमी ठेवा. तलावाचे दोन नकाशे शेजारी, एक तक्ता आणि ‘आम्हाला हे अपेक्षित नव्हतं’ अशी एक ओळ. परीक्षक हमखास विचारतात तो प्रश्न: हेच गाव का? ‘कारण ते माझं आहे’ हे उत्तर चालतं, पण त्याला जोड हवी: तालुक्यातल्या इतर गावांसारखं ते कशात आहे आणि कशात नाही.

छापण्याबद्दल सावध राहा. ‘तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेटसह’ असे व्हॉट्सॲपवर येणारे निरोप म्हणजे दुकान आहे. पैसे भरून छापलेला लेख पुढं मुलाखतीत गळ्याशी येतो. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे चांगलं-वाईट ठरवायची जबाबदारी आता तुमच्यावर आणि मार्गदर्शकांवर आहे. त्या नियतकालिकातले जुने दोन लेख वाचा, संपादक मंडळातल्या एकाला त्याच्या संस्थेच्या मेलवर लिहून बघा. एआयकडून भाषा सुधारून घेतली असेल तर तसं लिहा. आकडे आणि संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका, ते असतातच असं नाही.

गावाची प्रतही करायची आहे. दोन पानं, मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीत द्यायची आणि जमलं तर ग्रामसभेत वाचायची. तिथं कोणीतरी उठून ‘हे चूक हाय’ म्हणेल. ती दुरुस्ती अंतिम अहवालात घ्या.

पुढच्या संधी, पैसे आणि कागदपत्रं

बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत काम, विद्यावेतन आणि प्रवासखर्च. अर्ज हिवाळ्याच्या तोंडावर निघतात. तुमचं छोटं टिपण आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. आपल्या तलावाचं काम केलेल्या मुलीच्या टिपणात सांगायला काहीतरी असतं, तिथंच फरक पडतो. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलं असेल तर इन्स्पायर शिष्यवृत्ती बघा, त्यात उन्हाळी प्रकल्पाचीही तरतूद आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती आहे. सामाजिक शास्त्रांना अशा मोठ्या योजना कमी, हे खरं आहे. तिथं आविष्कार आणि भागातल्या सामाजिक संस्थांसोबतची इंटर्नशिप हाच रस्ता.

पीएच.डी.ला नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. त्याशिवाय बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि नागपूरची महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गांना फेलोशिप देतात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे. जागा मर्यादित असतात, नियमही बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या सीनिअरचं ऐकून बसू नका, या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

अर्ज अडतात ते गुणांमुळं कमी आणि कागदांमुळं जास्त. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, उत्पन्नाचा दाखला ठरावीक मुदतीपुरताच चालतो. अधिवास, आधार आणि बँक खात्यावरच्या नावाचं स्पेलिंग एकच असावं लागतं. आधारवर ‘सुनिता’ आणि गुणपत्रिकेवर ‘सुनीता’ एवढ्यावरून पोर्टल अर्ज परत पाठवतं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की सेतू केंद्रात जाऊन ही दुरुस्ती उरकून घ्या, जूनमध्ये तिथं अकरावी प्रवेशाची रांग लागलेली असते.